कंटेनरमध्ये ग्राफिक्स कार्ड दिसते, पण चित्र मात्र सीपीयूच काढतो

साचेघर_उद्यमनगर (प्रश्न)

नमस्कार.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे लहानसे डिझाइन ऑफिस आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींसाठी आम्ही पॅटर्न आणि कोअर बॉक्स यांची थ्रीडी मॉडेल्स तयार करतो. मॉडेलचे काम फ्रीकॅडमध्ये चालते आणि साच्यात धातू कसा भरेल याचे गणित झाले की त्याचे चित्र आम्ही पॅराव्ह्यूमध्ये पाहतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा आमची निम्मी मंडळी घरीच अडकली होती आणि घरच्या लॅपटॉपवर पंप केसिंगचे मॉडेल फिरवणे कोणालाच जमले नव्हते. म्हणून यंदा ऑफिसात एकच दणकट सर्व्हर ठेवून सर्वांनी, ऑफिसातून असो वा घरून, त्यावरच काम करायचे असे ठरवले.

सर्व्हरला १६ कोअरचा सीपीयू आणि १६ जीबी मेमरीचे एनव्हीडिया आरटीएक्स ए४००० कार्ड आहे. त्यावर उबुंटू २२.०४ आणि डॉकर (एकाच मशीनवर कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे, चालवणारे साधन) आहे. सात डिझायनरांसाठी सात कंटेनर केले असून प्रत्येकात एक्सएफसीई डेस्कटॉप आणि तो दुरून दाखवणारे टर्बोव्हीएनसी आहे. मंडळी ब्राउझरमधून नोव्हीएनसीने आत येतात.

अडचण अशी की कंटेनरच्या आत एनव्हीडिया-एसएमआय चालवले तर कार्डाचे नाव, तापमान, मेमरी सगळे व्यवस्थित दिसते. पण चित्र कोण काढते हे सांगणारे जीएलएक्सइन्फो चालवले की रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ (सीपीयूवर चित्र काढणारे सॉफ्टवेअर) येते. तिघांनी एकाच वेळी मॉडेल फिरवायला घेतले की सीपीयूचे सोळाही कोअर शंभर टक्क्यांना टेकतात, माउस हलवल्यावर मॉडेल सेकंदभराने हलते, आणि कार्ड तेवढा वेळ निवांत बसलेले असते.

दोन उपाय करून पाहिले. कंटेनर ज्यापासून तयार होतो त्या इमेजमध्येच एनव्हीडियाचा ड्रायव्हर घातला, तर होस्टवर (मूळ सर्व्हरवर) रात्री आपोआप अपडेट झाल्यावर सकाळी ‘ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्ती जुळत नाहीत’ अशा अर्थाची चूक येऊन सातही कंटेनर बसले. दुसऱ्या खेपेस होस्टच्या एक्स सर्व्हरचे (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामचे) सॉकेट, म्हणजे त्याच्याशी बोलण्याचे दार, कंटेनरला दिले. त्यात वेग मिळाला, पण फ्रीकॅडची खिडकी सर्व्हरला जोडलेल्या मॉनिटरवर उघडली, जिथे पाहायला कोणीच नसते.

हार्डवेअर विकणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांचे म्हणणे असे पडले की वापरलेले ए१०० कार्ड घ्या, त्याचे सात तुकडे होतात आणि तुमची माणसेही सातच आहेत. खर्च मोठा आहे, म्हणून त्याआधी येथे विचारतो आहे. आमचे नेमके कोठे चुकते आहे?

सर्व्हरकोठी

साहेब, कार्ड घेण्याची घाई करू नका. आपल्या वर्णनावरून आहे ते कार्ड पुरेसे दिसते; फक्त त्याच्यापर्यंत चित्र काढण्याचे काम पोहोचतच नाही.

एनव्हीडिया-एसएमआय चालले म्हणजे ग्राफिक्स चालू झाले, असा समज बहुतेकांचा होतो. ते साधन कार्डाची देखरेख करणारी लायब्ररी वापरते. चित्र काढण्याच्या ओपनजीएल आणि ईजीएल यांच्या लायब्रऱ्या वेगळ्या आहेत. एनव्हीडियाचे कंटेनर टूलकिट होस्टवरच्या ड्रायव्हरच्या फाइली कंटेनरमध्ये आणून ठेवते, पण सगळ्या नाही. कोणत्या आणायच्या हे ड्रायव्हर कॅपॅबिलिटीज या नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर ठरते. ते दिलेच नसेल तर ‘युटिलिटी’ आणि ‘कॉम्प्युट’ हे दोनच गट आत येतात, म्हणजे देखरेख आणि कुडा (कार्डावरची गणना). ‘ग्राफिक्स’ हा गट मागितल्याशिवाय येत नाही. तो नसला की ओपनजीएलची हाक मेसा या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीकडे जाते, मेसाला कार्ड सापडत नाही, आणि तो एलएलव्हीएमपाइप वापरून सगळी आकडेमोड सीपीयूवर करतो. चूक म्हणून काहीच दिसत नाही, कारण चित्र तर येतेच. फक्त संथ येते.

तेव्हा त्या व्हेरिएबलमध्ये युटिलिटी आणि कॉम्प्युट यांच्या जोडीला ग्राफिक्स, डिस्प्ले आणि व्हिडिओ हेही लिहा. इमेजमध्ये जीएलव्हीएनडी ही लायब्ररी हवी. कोणत्या कंपनीच्या ओपनजीएलला काम द्यायचे हे तीच ठरवते. ईजीएलसाठी एनव्हीडियाची लहानशी जेसन फाइलही तिच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये आहे ना, हे आत जाऊन डोळ्यांनी पाहून घ्या. ती नसल्यामुळे मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे.

इतके करूनही जीएलएक्सइन्फो कदाचित एलएलव्हीएमपाइपच दाखवील, तेव्हा निराश होऊ नका. टर्बोव्हीएनसीचा एक्स सर्व्हर हा केवळ द्विमितीय आहे; त्याच्या मागे खरे कार्ड नाही, तो मेमरीतल्या एका कोऱ्या फलकावर रंगवतो. एनव्हीडियाचा जीएलएक्स (ओपनजीएलला एक्स सर्व्हरशी जोडणारा भाग) मात्र समोर एनव्हीडियाचाच एक्स ड्रायव्हर मागतो. ही गाठ सोडवायला व्हर्च्युअलजीएल आहे. प्रोग्राम सुरू होताना ते आपली लायब्ररी आधी लोड करवते, ओपनजीएलच्या हाका मधल्या मध्ये उचलते, कार्डावर पडद्याबाहेर चित्र तयार करते, तयार झालेले पिक्सेल वाचून परत आणते आणि टर्बोव्हीएनसीच्या फलकावर ठेवते. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर भट्टी दुसऱ्याच्या आवारात आहे. साचा तिकडे जातो आणि ओतीव तेवढे परत येते.

व्हर्च्युअलजीएल ३.० पूर्वी यासाठी होस्टवर कार्डाला जोडलेला एक एक्स सर्व्हर चालू ठेवावा लागे आणि त्याचे सॉकेट कंटेनरला द्यावे लागे. आपण दुसऱ्या प्रयत्नात केले ते त्याच्याच जवळचे होते. ३.० पासून ईजीएलचा मार्ग आला आणि तो एक्स सर्व्हर अनावश्यक झाला. ते सॉकेट कृपया काढून टाका. ज्या प्रोग्रामला एखाद्या एक्स सर्व्हरवर प्रवेश मिळतो, त्याला त्या सर्व्हरवर इतरांनी दाबलेल्या कळाही वाचता येतात. निरनिराळ्या ग्राहकांचे ड्रॉइंग एका मशीनवर असताना ही गोष्ट परवडणारी नाही.

तपासणी अशी करा. कंटेनरमध्ये ‘व्हीजीएलरन’ला डिव्हाइस म्हणून ‘ईजीएल’ सांगून त्याच्यामार्फत जीएलएक्सइन्फो चालवा. रेंडररच्या ओळीत आरटीएक्स ए४००० हे नाव आले की अर्धे काम झाले. मग फ्रीकॅड तसेच सुरू करा. दर वेळी व्हीजीएलरन लिहिण्याचा कंटाळा येत असेल तर टर्बोव्हीएनसीचे सत्र सुरू करतानाच व्हर्च्युअलजीएलचा पर्याय देता येतो. त्यामुळे डेस्कटॉपवरून उघडलेला प्रत्येक प्रोग्राम त्याच मार्गाने जातो. एक्सएफसीईमधले सावल्या आणि पारदर्शकता दाखवणारे कंपोझिटिंग बंद करा, ते येथे निव्वळ ओझे आहे.

ड्रायव्हर इमेजमध्ये घालण्याबद्दल: कर्नल (सिस्टिमचा गाभा) होस्टचा आहे, म्हणून कर्नलमधले मोड्यूलही होस्टचेच असते, आणि लायब्ररीची आवृत्ती त्या मोड्यूलशी तंतोतंत जुळावी लागते. इमेजमध्ये गोठवलेला ड्रायव्हर होस्टच्या पहिल्याच अपडेटला मोडणार. तो इमेजमधून काढा आणि होस्टवर एनव्हीडियाच्या पॅकेजेसचे आपोआप होणारे अपडेट थांबवा.

रंकाळा_काठ

वरील उत्तर बरोबर आहे, पण ते सर्व्हरच्या खोलीपुरते. कार्डाने चित्र काढल्यावर ते घरापर्यंत जायचे आहे, आणि घरून काम करणाऱ्यांचा खरा त्रास तेथून पुढे सुरू होतो.

साधा हिशेब पाहा. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम सुमारे ८.३ एमबीची. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर सेकंदाला जवळपास २५० एमबी, म्हणजे २ जीबीपीएस, आणि हे एका माणसाचे. अर्थात हे कोणी तसेच पाठवत नाही, दाबून पाठवतात. प्रश्न इतकाच की दाबायचे कसे आणि कोणी.

टर्बोव्हीएनसी जेपेगने दाबतो आणि ते काम सीपीयूवर होते. रेंडरिंगचा भार उतरला की आपले सोळा कोअर त्याला पुरतील. मात्र नोव्हीएनसी सोडून टर्बोव्हीएनसीचा स्वतःचा व्ह्यूअर लॅपटॉपवर बसवून पाहा. ब्राउझरमध्ये तेच चित्र उलगडताना जुना लॅपटॉप दमतो आणि आपण दोष सर्व्हरला देत राहतो.

दुसरा मार्ग एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीचा. कार्डातल्या एनव्हीएन्क या एन्कोडरने व्हिडिओ तयार करायचा आणि वेबआरटीसीने (ब्राउझरला थेट व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवायचा. सेल्कीज या प्रकल्पात हे सारे कंटेनरसाठी जुळवून दिलेले मिळते. सतत हलणाऱ्या चित्राला हा मार्ग उत्तम, आणि कमी बँडविड्थमध्ये तो जेपेगपेक्षा पुष्कळच सुसह्य वाटतो. पण आपले काम कॅडचे आहे. या व्हिडिओत सहसा रंगाची माहिती निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने साठवतात; प्रकाशाची मात्र पूर्ण ठेवतात. फोटोत हे कळत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल जाडीची लाल रेघ असेल तर ती विटकी आणि फुगलेली दिसते. फ्रीकॅडच्या स्केचमध्ये रंगीत रेघा भरपूर असतात आणि दिवसभर त्यांच्याकडे पाहणाऱ्याचे डोळे संध्याकाळी तक्रार करतात. टर्बोव्हीएनसीत याला चांगली सोय आहे: हात थांबला की थोड्या वेळाने तेच चित्र काहीही न गाळता पुन्हा पाठवता येते. मॉडेल फिरवताना थोडे धूसर आणि थांबल्यावर लख्ख, हे माप कॅडला नेमके बसते. म्हणून मी तरी आपल्याला टर्बोव्हीएनसीच सुचवीन.

वेबआरटीसीची आणखी एक गोम आहे. त्याला सहसा यूडीपी प्रकारची वाहतूक लागते, आणि दोन्ही टोके नॅटच्या मागे (बाहेरून थेट पत्ता नसलेल्या राउटरमागे) असतील तर बहुधा मध्ये टर्न सर्व्हर, म्हणजे दोघांची वाहतूक पुढे पोहोचवणारा मध्यस्थ, उभा करावा लागतो. टर्बोव्हीएनसीला वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यातून एक पोर्ट पुरतो.

व्हर्च्युअलजीएलला फ्रेमची कमाल संख्या ठरवून देता येते. ती ३० ठेवा. कोणाचे पॅराव्ह्यू उगीच सेकंदाला दोनशे फ्रेम काढत बसले तर त्याचा दंड बाकीच्या सहांनी का भरावा?

जुना_अ‍ॅडमिन

मी थोडा विरोधी सूर लावतो. सातही जण एकाच ऑफिसचे, प्रोग्राम तेच, आवृत्ती तीच. मग कंटेनर कशासाठी? होस्टवर सात लिनक्स खाती, त्यावर टर्बोव्हीएनसी आणि व्हर्च्युअलजीएल, एवढ्यात हे काम झाले असते, आणि वर चर्चिलेल्या निम्म्या अडचणी उद्भवल्याच नसत्या. एखाद्या ग्राहकासाठी फ्रीकॅडची जुनीच आवृत्ती सांभाळायची असेल, किंवा एकाची फाइल दुसऱ्याला दिसताच कामा नये अशी अट असेल, तर कंटेनरला अर्थ आहे. तसे काही असल्यास माझा आक्षेप मागे घेतो.

ए१०० बद्दल मात्र ठामपणे सांगतो: या कामासाठी ते घेऊ नका. त्याचे सात भाग होतात हे खरे, त्या सोयीला मिग म्हणतात. पण ए१०० वर मिगचे भाग गणनेसाठी आहेत. त्या भागांवर ओपनजीएल चालत नाही. शिवाय त्या कार्डात एनव्हीएन्क एन्कोडरच नाही, म्हणजे रंकाळा_काठ यांनी सांगितलेला दुसरा मार्गही बंद. सात माणसे आणि सात तुकडे हा मेळ कागदावरच शोभतो.

आपल्या ए४००० ची मेमरी सातही कंटेनरांत सामाईक राहील. डॉकरला मेमरीची मर्यादा घालून दिली तरी ती रॅमला लागू होते, कार्डाच्या मेमरीला नाही. एकाने पॅराव्ह्यूत मोठा डेटा उघडून १२ जीबी अडवले तर उरलेल्या सहांना ४ जीबीत भागवावे लागेल. पक्की वाटणी हवी असेल तर व्हर्च्युअल मशीन आणि परवान्याचे पैसे घेणारा व्हीजीपीयू (कार्डाचे वाटे करून देणारे सॉफ्टवेअर) असा वेगळाच संसार मांडावा लागतो. आपल्या आकाराच्या ऑफिसात मी तो मांडणार नाही. मोठ्या पॅराव्ह्यूच्या कामाला दुपारी जेवणानंतरची वेळ ठरवून द्या, हा माझा तांत्रिक सल्ला समजावा.

जाता जाता: डॉकर कंटेनरला सामाईक मेमरी मुळात ६४ एमबीच देतो. आत ब्राउझर उघडला आणि टॅब अकारण कोसळू लागले तर कारण बहुधा तेच असते. कंटेनर सुरू करताना ती वाढवून एक-दोन जीबी करा. आणि काही अडले की कंटेनरला सगळे अधिकार देणारा प्रिव्हिलेज्ड पर्याय लावून मोकळे होण्याची सवय लागू देऊ नका.

लॅब_सहायक

आमच्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये एनव्हीडिया नाही, इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स आहे. तेथे टूलकिट लागत नाही, मेसा इमेजमध्ये असतो आणि होस्टवरची रेंडरडी१२८ ही डिव्हाइस फाइल कंटेनरला दिली की पुरते. तरीही आमचे दोन दिवस गेले. त्या फाइलीवर ‘रेंडर’ गटाचा हक्क असतो आणि हा हक्क गटाच्या नावाने नव्हे तर क्रमांकाने तपासला जातो. आमच्या होस्टवर रेंडर गटाचा क्रमांक १०९ होता, कंटेनरमध्ये त्याच नावाच्या गटाचा १०४. नाव पाहून सगळे ठीक वाटे आणि परवानगी मात्र नाकारली जाई. कंटेनर सुरू करताना होस्टचा क्रमांक जोडून दिला आणि प्रश्न मिटला. साचेघर यांच्या प्रश्नाशी हे थेट संबंधित नाही, पण घरी इंटेलवर प्रयोग करून पाहणाऱ्याला उपयोगी पडेल.

साचेघर_उद्यमनगर

सर्वांचे आभार. शनिवारी दुपारी सर्वांना सुट्टी देऊन एकट्याने बसून हे केले.

गट वाढवले, इमेजमधला ड्रायव्हर काढला, व्हर्च्युअलजीएल बसवले. पहिल्या कंटेनरमध्ये व्हीजीएलरनमधून जीएलएक्सइन्फो चालवले आणि रेंडररच्या ओळीत ए४००० दिसले. त्याच पंप केसिंगचे मॉडेल आता हाताबरोबर फिरते आणि सीपीयू बराचसा मोकळा राहतो. गडहिंग्लजच्या आमच्या एका सहकाऱ्याने घरून टर्बोव्हीएनसीच्या व्ह्यूअरने वायरगार्डमार्फत काम करून पाहिले. फिरवताना चित्र किंचित मऊ पडते आणि थांबले की स्वच्छ होते, असे त्याने कळवले. रेघा ठीक दिसतात हे त्याने न विचारता सांगितले, म्हणून एच.२६४ चा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.

जुना_अ‍ॅडमिन सरांना: कंटेनरचे कारण आपण ओळखलेत तेच आहे. दोन ग्राहकांच्या करारात त्यांची ड्रॉइंग वेगळी ठेवण्याची अट आहे. ए१०० चा विषय संपला. पॅराव्ह्यूसाठी दुपारी तीननंतरची वेळ ठरवली. जेवणानंतर लगेच सुरू करायला कोणी तयार नव्हते.

एक नवे कोडे उरले आहे. सोमवारी होस्टवर एका सर्व्हिसची फाइल बदलून सिस्टिमडीला (सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) ‘डिमन-रीलोड’, म्हणजे फाइली पुन्हा वाचण्याचा आदेश, दिला. त्यानंतर आधी उघडलेली फ्रीकॅड नीट चालत राहिली, पण नव्याने उघडायला गेलेल्यांना कार्ड मिळेना, आणि आता एनव्हीडिया-एसएमआयही ‘एनव्हीएमएल सुरू करता आले नाही, अज्ञात चूक’ असे सांगू लागले. कंटेनर पुन्हा सुरू केल्यावर सर्व पूर्ववत झाले. हे असेच चालायचे का?

सर्व्हरकोठी

नाही, आणि ही आपली चूकही नाही. डिव्हाइस वापरण्याची परवानगी सी-ग्रुपच्या (कर्नल प्रोग्रामांच्या गटांना ज्या मर्यादा घालतो त्यांच्या) नियमांत असते. टूलकिट ती परवानगी डॉकरच्या पाठीमागून परस्पर जोडते, त्यामुळे सिस्टिमडीच्या नोंदीत ती नसते. डिमन-रीलोड झाले की सिस्टिमडी आपल्या नोंदीप्रमाणे नियम पुन्हा लावतो आणि ती परवानगी पुसली जाते. परवानगी फाइल उघडताना तपासतात, म्हणून आधीच उघडलेली फ्रीकॅड तगली आणि नवी अडली.

यावर नीट उपाय म्हणजे सीडीआय (कंटेनर डिव्हाइस इंटरफेस) या पद्धतीने कार्ड देणे, म्हणजे डिव्हाइसची माहिती डॉकरलाच कळते आणि सिस्टिमडीच्या नोंदीतही येते. त्यासाठी टूलकिट आणि डॉकर दोन्ही नव्या आवृत्तीचे हवेत. ते लगेच शक्य नसेल तर कंटेनर सुरू करताना एनव्हीडियाच्या डिव्हाइस फाइली एकेक करून स्पष्ट नावानिशी द्या: एनव्हीडिया०, एनव्हीडियासीटीएल, एनव्हीडिया-यूव्हीएम आणि एनव्हीडिया-मोडसेट. पॅकेज अपडेट होतानाही डिमन-रीलोड आपोआप होत असते, तेव्हा हे पुढच्या अपडेटच्या आधी करून घ्या. बदल केल्यावर मुद्दाम एकदा डिमन-रीलोड देऊन, कंटेनर बंद न करता, आत नवे फ्रीकॅड उघडते का ते पाहा आणि येथे कळवा.